गाणे निवडतो कोण?

कानावर गाणे पडले की ते कोणी गायिले हे आपण विचारतो. मनुष्य थोडा अधिक चौकस असेल तर चाल कोणाची, शब्द कोणाचे, चित्रपट कोणता, हेही विचारतो. आणि घरात संगीताचे जाणते कोणी वडीलधारे असतील तर राग कोणता, ह्यावर चहा निवेपर्यंत वाद चालतो. परंतु "हे गाणे आत्ताच का लागले?" असा प्रश्न आपल्यापैकी सहसा कोणी विचारीत नाही. नभोवाणीवर एकामागून एक गाणी येत राहतात, ती नळाच्या पाण्यासारखी आपोआप येतात, अशीच आपली समजूत असते. पण नळाच्या पाण्यामागे तलाव आहे, जलवाहिन्या आहेत, अमक्या विभागास अमक्या वेळी पाणी सोडावे असे ठरविणारा कोणी अधिकारी आहे. तसा गाण्यामागेही कोणी तरी ठरविणारा असतोच. हा ठरविणारा आज पुष्कळ ठिकाणी मनुष्य नसून संगणकातील एक आज्ञावली असते. तिला कारभारी नेमावे की नाही, आणि नेमावे तर कोणत्या अटींवर, हा प्रश्न वरवर पाहता नभोवाणीच्या धंद्यातल्या लोकांचा आहे. पण त्याच्या पोटात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे, आणि त्याचाच विचार आम्हांस येथे करावयाचा आहे.

निमित्त घडले ते आमच्या दिंडोशीत. मुंबईच्या उपनगरांतला, गोरेगाव व मालाड यांच्या पूर्वेकडील टेकडीलगतचा हा भाग. नभोवाणी त्याची शेजारीणच म्हणावयाची: रुळांच्या पलीकडे मालाडच्या मालवणीत आकाशवाणीचे प्रक्षेपण-केंद्र आहे, आणि मालाडहून लोकलने दोनच स्थानके पुढे, बोरिवलीस, विविध भारतीचे कार्यालय आहे. येथील चार-पाच तरुणांनी आंतरजालावरून मराठी गाण्यांची नभोवाणी चालविण्याचे मनात आणले. खोली मिळाली, यंत्रे जमली, जुन्या तबकड्यांचा संग्रह बाळगून असलेले एक आजोबाही लाभले. अडले ते एकाच ठिकाणी. गाण्यांचा क्रम लावण्यासाठी आज्ञावली कोणती घ्यावी? एक फुकट मिळत होती, दुसरी दरमहा वर्गणी मागत होती, आणि तिसरी चांगलीच महाग होती. "काका, तुम्ही आयुष्यभर रेडिओ ऐकलात, तुम्हीच सांगा," म्हणून ते आमच्याकडे आले. यंत्रविद्येतील आमची गती बेताचीच. पण त्यांनी आणलेली माहितीपत्रके वाचू लागलो, तेव्हा किमतीच्या आकड्यांपेक्षा निराळ्याच काही गोष्टी मनात घोळू लागल्या.

ह्या आज्ञावल्यांचे माहेर अमेरिका. आर. सी. एस. नावाची कंपनी तेथे १९७९ साली निघाली, आणि तिची 'सिलेक्टर' ही आज्ञावली पुढे देशोदेशींच्या केंद्रांवर पसरली. 'म्यूझिकमास्टर', 'पॉवरगोल्ड' अशा तिच्या सवतीही आहेत. नावे निराळी असली तरी कामाची रीत साधारण एकच. प्रथम संग्रहातील प्रत्येक गाण्याची पत्रिका मांडावयाची: गायक कोण, साल कोणते, गती संथ की जलद, भाव आनंदी की उदास, शेवट एकदम होतो की विरत जातो. मग गाण्यांचे वर्ग पाडावयाचे: वारंवार लावण्याची, अधूनमधून लावण्याची, क्वचित लावण्याची. त्यानंतर घड्याळाच्या तबकडीसारखे तासाचे एक चक्र आखून त्यातील कोणत्या जागी कोणत्या वर्गाचे गाणे यावे ते ठरवावयाचे. शेवटी निषेध सांगावयाचे. एका गायकाची दोन गाणी तासाच्या आत नकोत. तीन संथ गाणी ओळीने नकोत. काल सकाळी आठला लागलेले आज सकाळी आठला नको. एवढे सांगितले की दुसऱ्या दिवसाची संपूर्ण यादी यंत्र काही क्षणांत हाती देते. क्यू-शीट भरीत बसणाऱ्या माणसाचा सबंध दिवस त्यात गेला असता.

ह्या कामात यंत्र माणसाहून न्यायी ठरते असे एक ठिकाण आहे, आणि त्याचा हिशेब वाचकांपुढे मांडल्यावाचून आम्हांस राहवत नाही. समजा, एका वर्गात २४ गाणी आहेत आणि दर तासाला त्यातील एक, क्रमाने, लावावयाचे आहे. वाटणी दिसावयास अगदी समान: प्रत्येक गाण्यास दिवसातून एक पाळी. पण दिवसाचे तासही २४ च असल्यामुळे आज सकाळी आठला जे लागले तेच उद्या आठला, परवा आठला, आणि वर्षभर आठलाच लागणार. दिंडोशीच्या बस आगारातून रोज आठची गाडी धरणाऱ्या माणसास त्या वर्गातले एकच गाणे जन्मभर ऐकावे लागेल. उरलेल्या २३ गाण्यांचा त्यास पत्ताही लागणार नाही. रात्रपाळीचा पहारेकरी पहाटे तीनच्या एका गाण्याशी असाच जखडला जाईल. आता त्या वर्गात केवळ एक गाणे वाढवून २५ करा. लगेच सारे चक्र रोज एका तासाने सरकू लागते, आणि पंचवीस दिवसांत आठच्या माणसास पंचवीसही गाणी मिळतात, पहारेकऱ्यासही मिळतात. सहृदय निवेदकास ही गोष्ट सहसा सुचत नाही, कारण त्याचे लक्ष हातातल्या गाण्यावर असते. जो श्रोता समोर नाही त्याची आठवण ठेवावयास सहृदयतेबरोबर थोडे गणितही लागते.

यंत्राविरुद्ध बोलताना आपण नेहमी एक गोष्ट गृहीत धरतो, ती ही की यंत्र येण्यापूर्वी निवड माणसाच्या निर्मळ रसिकतेतून होत असे. इतिहास तसे सांगत नाही. अमेरिकेत १९५० नंतरच्या दशकात तबकड्या लावणारे निवेदक मोठे लोकप्रिय झाले, आणि कोणती तबकडी लावावी हे त्यांच्या मर्जीवर होते. ह्या मर्जीला लवकरच बाजारभाव आला. तबकड्या काढणाऱ्या कंपन्या निवेदकांना गुपचूप पैसे चारीत, आणि श्रोत्यांस वाटे की आपल्या आवडत्या माणसाने आपल्यासाठी हे गाणे शोधून आणिले. १९५९ व १९६० साली तेथील लोकप्रतिनिधींच्या समितीपुढे ह्याची जाहीर चौकशी झाली, १९६० साली कायदा झाला. ॲलन फ्रीडसारख्या विख्यात निवेदकाची नोकरी गेली, आणि १९६२ साली त्याने लाचेचे काही आरोप कबूल केले. यंत्राच्या निषेधांची ती लांबलचक यादी पाहून आपल्याला हसू येते. पण निवेदकाच्या हातून निवड निघून ती वरिष्ठांकडे व नियमांकडे जाण्यास ह्या प्रकरणानेही हातभार लाविला, हे विसरता कामा नये.

आपल्याकडे लाचेचा नव्हे, पण सद्हेतूचा अनुभव आहे. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे मराठी गृहस्थ १९५२ ते १९६२ पर्यंत माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री होते. शास्त्रीय संगीताचे ते कळकळीचे पुरस्कर्ते, आणि त्या संगीतास त्यांच्या कारकीर्दीत आकाशवाणीने जो आधार दिला तो थोडाथोडका नव्हे. पण त्याच कारकीर्दीच्या आरंभी चित्रपटगीतांना कात्री लागली, निर्मात्यांशी वाद झाला, आणि ती गीते आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीशी झाली. लोकांनी काय केले? त्यांनी यंत्राची कळ फिरवून रेडिओ सिलोन लाविले. डिसेंबर १९५२ मध्ये सुरू झालेल्या बिनाका गीतमालेने अमीन सायानी यांचा आवाज घरोघर नेला, आणि अखेरीस ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करून आकाशवाणीस लोकांच्या आवडीशी समेट करावा लागला. एकाने आवड विकली, दुसऱ्याने ती लादली. मग श्रोत्यांनीच निवडावे म्हणावे, तर फर्माइशीच्या पत्रांसाठी गाजलेल्या झुमरीतलैया गावाचे उदाहरण आहेच. तेथील मूठभर हौशी मंडळी पत्रांचे गठ्ठे पाठवून सबंध देशाच्या आवडीत आपल्या गावाचे नाव घुमवीत राहिली. आम्ही हे गमतीने लिहीत आहो, त्यांच्यावर आमचा राग नाही.

तेव्हा निःपक्षपाती यंत्र ही काही तुच्छ वस्तू नव्हे. दिंडोशीसारख्या भागातील लोकांना हे सांगावयासही नको. म्हाडाची घरे सोडतीने मिळतात, आणि ती सोडत संगणक काढतो. हजारो अर्जदार त्या यंत्राकडे डोळे लावून बसतात, आणि घर न मिळालेला मनुष्यही बहुधा नशिबाला बोल लावून उठतो. त्याच्या मनाला एवढे समाधान असते, की त्या यंत्रास कोणाचा भाचा नाही, कोणाची शिफारस नाही, ते अर्जदाराचे तोंड पाहत नाही. घरवाटपात न पाहणे हाच गुण आहे. आता प्रश्न असा, की गाण्याची निवड हे घरवाटपासारखे काम आहे काय?

आमच्या मते ते अर्धे तसे आहे, आणि सारा घोटाळा ह्या अर्धेपणातून होतो. गायक, कवी, संगीतकार यांच्या बाजूने पाहिले तर नभोवाणीचा वेळ ही वाटावयाची मालमत्ता आहे, आणि तेथे न पाहणारा वाटप्या बरा. कायद्यानेही हे वाटप आता पैशाचे केले आहे. १९५७ च्या स्वामित्वहक्काच्या कायद्यात २०१२ साली जी दुरुस्ती झाली, तिने गीतकार व संगीतकार यांचा मानधनावरील हक्क पक्का केला. म्हणून कोणते गाणे किती वेळा लागले ह्याची चोख नोंद ठेवणारी आज्ञावली ही आता इमानाची बाब झाली आहे. परंतु श्रोत्याच्या बाजूने पाहिले तर उलट आहे. त्यास न पाहता दिलेले गाणे नको असते. आज पाऊस कोसळत आहे, आज एकादशी आहे, आज परीक्षेचा निकाल लागला, आज गावात कोणी थोर मनुष्य गेला, हे पाहून कोणी तरी गाणे लावावे असे त्यास वाटते. एकाच कृत्यात एकीकडे डोळे मिटावयाचे व दुसरीकडे उघडे ठेवावयाचे, असा हा पेच आहे.

नियमाने गाणे बांधणे हीच अरसिकता, असे म्हणणाऱ्यास आम्ही पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्याकडे पाठवू. मुंबईत वाढलेल्या, वकिली सोडून संगीताला वाहून घेतलेल्या ह्या विद्वानाने (१८६०–१९३६) रागांचे दहा थाट मांडिले, आणि कोणता राग कोणत्या प्रहरी गावा ह्यासंबंधीच्या परंपरेस शास्त्राचे रूप दिले. वादी स्वर सप्तकाच्या पूर्वांगात की उत्तरांगात, ऋषभ-धैवत कोमल की शुद्ध, मध्यम तीव्र आहे की नाही, ह्यावरून प्रहर ठरतो. दिवस व रात्र यांच्या संधीवर गावयाचे ते संधिप्रकाश राग. गाण्याच्या पत्रिकेत खुणा भरून त्यांवरून वेळ काढण्याची ही रीत आज्ञावलीच्या रीतीहून फार निराळी आहे काय? रचना पाहिली तर मुळीच नाही. ह्या नियमाविरुद्धही पुष्कळ बोलले गेले आहे, आणि भैरव संध्याकाळी ऐकल्याने कोणाचे काही बिघडत नाही हे आम्हांसही ठाऊक आहे. तथापि त्या नियमास कारण विचारिता येते, आणि ते कारण संगीताच्या आत सापडते. "हा स्वर असा आहे म्हणून" असे गुरू शिष्यास सांगू शकतो, शिष्य प्रतिवाद करू शकतो. भातखंड्यांनी आपला मोठा मराठी ग्रंथ लिहिला तोही गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपाने. आज्ञावलीच्या पुष्कळशा नियमांचे कारण संगीताच्या बाहेर असते. श्रोत्याने दुसरे केंद्र लावू नये, एवढेच ते कारण.

शिवाय हे नियम ज्यांनी लिहिले त्यांच्या डोळ्यांपुढे गाणे होते ते त्यांच्या देशातले. पत्रिकेत 'कलावंत' असा मुख्य रकाना एकच, कारण तेथे गाणे बहुधा गाणाऱ्याच्या नावाने ओळखले जाते. आपल्या गाण्याला आईबाप अधिक. समजा, गदिमांचे शब्द व सुधीर फडके यांची चाल असलेली तीन गाणी, एक आशा भोसले यांनी गायिलेले, एक माणिक वर्मांनी, एक स्वतः फडक्यांनी, अशी ओळीने लागली. यंत्र म्हणेल, तीन निरनिराळे कलावंत, सर्व काही ठीक. ऐकणाऱ्यास मात्र एकाच घरचे जेवण तीनदा वाढल्यासारखे होईल. उलट १९५० च्या सुमाराची लता आणि १९९० च्या सुमाराची लता यंत्रास एकच. दोघींच्या मध्ये एक सबंध युग गेले, ते त्याच्या रकान्यात मावत नाही. अमेरिकेत तर ह्या रकान्यास कायद्याचे बळ आहे. १९९८ च्या तेथील कायद्याप्रमाणे सरसकट परवान्यावर चालणाऱ्या आंतरजालावरील नभोवाणीने तीन तासांत एका कलावंताची चारांहून अधिक गाणी लावू नयेत, आणि ओळीने तीनांहून अधिक लावू नयेत. हेतू हा की श्रोत्याने हवे ते गाणे ठरल्या वेळी येणार हे ताडून ते फुकट उतरवून घेऊ नये. हेतू समजण्यासारखा आहे. पण ६ फेब्रुवारी २०२२ रोजी, लताबाई गेल्या त्या दिवशी, ह्या नियमाने चालणाऱ्या केंद्राने काय करावे? तीन तासांत चार गाणी लावून शोक आवरता घ्यावा? म्हणून ह्या तरुणांस आम्ही पहिली चौकशी करावयास सांगितली ती ही: रकाने आपल्याला वाढविता येतात काय? कवी, संगीतकार, चित्रपट, राग, ऋतू, सण, असे रकाने घालून त्यांवर निषेध लाविता येतात काय? आणि अक्षरे देवनागरीत राहतात काय? फुकटची आज्ञावली येथेच अडखळली.

ह्याहून खोल दोष आहे तो गाण्यांचे वर्ग पाडण्याच्या रीतीत. कोणते गाणे वारंवार लावावयाचे हे कसे ठरते? मोठी केंद्रे ह्यासाठी चाचणी घेतात. काही श्रोते निवडून त्यांस प्रत्येक गाण्याचा आठ-दहा सेकंदांचा ओळखीचा तुकडा ऐकवितात आणि आवडले, नावडले, कंटाळा आला, असे मत घेतात. आता ज्या गाण्याचा तुकडा ओळखीचा नाही त्याला मत कसले मिळणार? आणि ज्या भावगीताचा जीव तिसऱ्या अंतऱ्यात आहे त्याची परीक्षा आठ सेकंदांत कशी व्हावी? मुंबईत खासगी वाहिन्या निघाल्यापासून त्यांवर मराठी गाणी इतकी थोडी का, हा प्रश्न पुनःपुन्हा विचारला गेला आहे. त्यामागे जाहिरातदारांचे हिशेब आहेत, आळस आहे, मराठी माणसाची स्वतःची उदासीनताही आहे. पण हे वर्तुळही आहे. गाणे लागत नाही म्हणून ओळखीचे होत नाही, ओळखीचे नाही म्हणून चाचणीत उतरत नाही, चाचणीत उतरत नाही म्हणून लागत नाही. ह्या वर्तुळात कोणीही दुष्ट नाही, प्रत्येक जण आकड्याकडे बोट दाखवितो, आणि एका भाषेचे गाणे तिच्याच शहरात परके होऊन बसते. अन्याय करणारा सापडत नाही असा हा अन्याय आहे. म्हणूनच तो आम्हांस लाचेहून कठीण वाटतो. लाच खाणाऱ्यास निदान समितीपुढे उभे करिता आले.

वर्तुळ फोडण्यास कोणाला तरी आकड्याविरुद्ध जावे लागते. पुणे केंद्रावर सीताकांत लाड यांनी हे केले. गदिमांचे शब्द व सुधीर फडके यांचे संगीत घेऊन १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीस, गीतरामायण सुरू झाले, आणि वर्षाहून अधिक काळ, आठवड्याला एक नवे गीत याप्रमाणे, ५६ गीते प्रसारित झाली. कोणत्याही चाचणीत हा कार्यक्रम उतरला नसता, कारण चाचणी घ्यावयास ती गाणी अस्तित्वातच नव्हती. पुढच्या आठवड्याचे गीत कित्येकदा आयत्या वेळी हाती येई. आणि क्रमाच्या दृष्टीने पाहिले तर आज्ञावलीचे सारे निषेध त्याने मोडले: तोच कवी, तोच संगीतकार, तोच विषय, ५६ वेळा ओळीने. लोक त्या वेळेला घड्याळे लावून बसत. येथे कोणी म्हणेल, की असा कार्यक्रम एखादाच. फसलेल्या शंभर धाडसांची नावे कोण सांगणार? आक्षेप खरा आहे. पण जो फसला त्यास "हे मी लाविले" असे म्हणण्याची तरी सोय होती, आणि श्रोत्यास पत्र लिहावयास एक नाव होते.

हे बोलताना आणखी एका लहानशा असत्याचा विचार केला पाहिजे. "हे पुढचे गाणे खास तुमच्यासाठी," असे निवेदक म्हणतो. गाणे काल दुपारी यंत्राने लाविले आहे. निवेदकाचे वाक्यही पुष्कळदा आधीच, चार तासांची सारी वाक्ये एका बैठकीत, ध्वनिमुद्रित झाली आहेत. त्या क्षणी केंद्रावर कदाचित कोणीच नाही. हे खोटे बोलणे आहे काय? आमच्यातील एक पक्ष म्हणतो, की कीर्तनकारही आख्यान घरून ठरवून येतो, अभंग ठरवून येतो, आणि "तुम्हां श्रोत्यांना पाहून मला आज सुचले" असे खुशाल म्हणतो. त्यास आपण लबाड म्हणत नाही. हे खरे आहे. पण कीर्तनकार तेथे उभा असतो. मंडळी पेंगू लागली तर तो उत्तररंग आवरतो, पुढे बसलेल्या बाईच्या डोळ्यांत पाणी आले तर त्याच चरणावर दोन क्षण थांबतो. तयारी आधीची असली तरी ती बदलण्याची मुभा त्याच्याजवळ असते, आणि "तुमच्यासाठी" ह्या शब्दात श्रोता त्या मुभेचेच वचन ऐकतो. केंद्रावर जर कोणी नाही, आणि असता तरी यादीस हात लावण्याचा त्यास अधिकार नाही, तर ते वचन खोटे आहे. मग आवाज कितीही गोड असो.

ही मुभा जिवावर बेतण्याइतकी महत्त्वाची ठरू शकते. १८ जानेवारी २००२ रोजी अमेरिकेतील मायनॉट ह्या लहान शहराजवळ रात्री आगगाडी रुळांवरून घसरली आणि अमोनिया वायूचा लोट वस्तीवर आला. शहरातील सहा व्यापारी नभोवाणी केंद्रे एकाच कंपनीच्या ताब्यात होती, आणि पोलिसांना त्या वेळी केंद्रावर कोणाशी संपर्क साधता आला नाही. दोष पोलिसांच्या यंत्रणेचा की मनुष्यावाचून चालणाऱ्या केंद्रांचा, यावर पुढे पुष्कळ वाद झाला, आणि त्याचा निवाडा करणे आमचे काम नव्हे. आम्हांस आठवली ती घराजवळची रात्र. २ जुलै २०१९ रोजी मध्यरात्रीनंतर, अतिवृष्टीत, मालाड पूर्वेच्या कुरारमधील पिंपरीपाडा येथे महापालिकेच्या जलाशयाची संरक्षक भिंत झोपड्यांवर कोसळली आणि विसांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. दिंडोशीपासून ती जागा कितीशी लांब? जुलै महिना म्हणून आधल्या दुपारीच यादी झालेली असावी, 'ऋतू' ह्या रकान्यात 'पाऊस' असे लिहिलेले असावे, आणि त्या सकाळी ह्या वस्तीच्या नभोवाणीने एकामागून एक श्रावणसरींची आनंदी गाणी लावावीत, एवढी कल्पना करून पाहावी. यंत्राने आपल्या नियमांप्रमाणे एकही चूक केलेली नसेल.

म्हणून आज्ञावली निवडताना दुसरी चौकशी आम्ही सांगितली, आणि ती आमच्या दृष्टीने पहिलीहून महत्त्वाची. सगळे निषेध पाळून बसेल असे एकही गाणे सापडले नाही, म्हणजे यंत्र काय करते? दोन प्रकार असतात. एक प्रकार गुपचूप एखादा निषेध सैल करून जागा भरून टाकतो. यादी गुळगुळीत दिसते आणि कोठे काय मोडले ते कोणास कळत नाही. दुसरा ती जागा कोरी ठेवितो आणि "येथे मला सापडले नाही, तुम्ही पाहा" म्हणून दाखवितो. एखाद्या जागी अमुकच गाणे का बसविले हे विचारले तर कारणही सांगतो. विक्रेते पहिल्या गुणाची जाहिरात करितात, कारण कोरी जागा ग्राहकास दोषासारखी वाटते. आम्ही त्या तरुणांस कोरी जागा ठेवणारीच घ्यावयास सांगितले. जे आपल्या अज्ञानाची जागा दाखविते त्याच्या हाती उरलेला कारभार सोपविण्यास आमची हरकत नाही.

त्यांच्यापैकी एकाने, तो दिवसा नोकरी करून रात्री हे सारे सांभाळणार होता, रास्त शंका काढिली: "काका, रोज एवढे बघायला वेळ कोणाला आहे?" आम्ही कागद घेऊन हिशेब केला. जुनी गाणी तीन-साडेतीन मिनिटांची, मध्ये थोडे बोलणे. तासाला १४ धरली तर दिवसाची ३३६ होतात. एवढी गाणी रोज मन लावून निवडणे कोणत्याही मनुष्यास शक्य नाही, आणि जो निवडतो म्हणेल तो बहुधा हाताला येईल ते लावीत असेल. पण बारा जागा मुद्दाम कोऱ्या सोडिता येतात: सकाळी चार, संध्याकाळी चार, रात्री तीन, आणि एक पहाटे तीनच्या सुमारास, त्या पहारेकऱ्यासाठी. त्या बारा जागा पाळीपाळीने एकेकाने, बाहेर आभाळाकडे व सकाळच्या वर्तमानपत्राकडे पाहून, भराव्या. जो भरील त्याचे नाव गाण्याबरोबर सांगितले जावे. आणि काही विपरीत घडले तर सबंध यादी बाजूस सारण्याचा अधिकार त्या दिवशी त्याचा असावा. उरलेली ३२४ यंत्राने खुशाल लावावीत. त्या आजोबांनी पहिल्या आठवड्याच्या कोऱ्या जागा आपल्याकडे मागून घेतल्या आहेत, आणि पहाटे तीनला काय लावावे ह्यावर त्यांचे त्या मुलांशी अद्याप एकमत झालेले नाही.